आप्पासाहेबांची मेथी

सदाशिव पेठ, पुणे
ता. ८ नोव्हेंबर १९८२

चि. बिलकिस हिस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिले गेले. ते मागे घेत नाही. पुढचा मजकूर मात्र विचार करून लिहिला आहे आणि तसाच वाचावा.

आमच्या विमा कार्यालयाच्या कलामंडळाने यंदाच्या आंतरकार्यालयीन स्पर्धेचे नाटक बसवण्यासाठी तुला बोलावले, ते माझ्या शब्दावर. तू दिल्लीहून नाटक शिकून आलीस म्हणून नव्हे. तू शमशुद्दीनची मुलगी म्हणून. शमशुद्दीन तांबोळी हयात असेपर्यंत आमचा प्रॉम्प्टर होता. विंगेत उभे राहून त्याने माझे एकही वाक्य कधी खाली पडू दिले नाही. काल त्याच्याच मुलीने माझे सबंध स्वगत पेन्सिलीच्या एका रेघेने काढून टाकले.

विषय स्पष्ट मांडतो, म्हणजे नंतर गैरसमजाला जागा राहणार नाही. मी आप्पासाहेब करतो. आप्पासाहेब विधुर, निवृत्त शिक्षक. परदेशी गेलेला मुलगा दीनानाथ कायमचा घरी येणार म्हणून ते त्याच्या आवडीची मेथी निवडत बसले आहेत. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगी तार वाचते: दीनानाथ येत नाही. आणि मग आप्पासाहेबांचे स्वगत. 'या हातांनी त्याला चालायला शिकवले' येथे ते सुरू होते. आप्पासाहेब दारापर्यंत जातात, थांबतात, वळतात आणि म्हणतात, 'तार पोचली, बाळा. तू पोचला नाहीस.' तेथे एक्झिटची टाळी पडते. न पडल्यास मी माझी बी.कॉम.ची पदवी विद्यापीठाला परत करीन.

त्याऐवजी तू काय सांगितलेस? "काका, काही बोलू नका. प्रेक्षकांकडे पाठ करा आणि मेथी निवडत राहा. पडदा पडेपर्यंत."

तीस वर्षांत मी प्रेक्षकांकडे पाठ केलेली नाही. आमच्या पिढीत तो उद्धटपणा समजला जाई, आणि आजही समजावा. वर तू म्हणालीस, "जोखीम घ्या की, काका." बाई, जोखमीचा धंदा मी पोटासाठी करतो. जोखीम कोणाची आणि नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, हे ठरल्याखेरीज आमच्याकडे कागदावर शिक्का बसत नाही.

उद्याच्या तालमीपूर्वी स्वगत परत घालावे.

श्रीधरकाका


भवानी पेठ, पुणे
ता. १० नोव्हेंबर १९८२

ती. श्रीधरकाका, सलाम आणि नमस्कार.

तुमचं पत्र अम्मीने आधी फोडलं. तिला वाटलं दिवाळीच्या फराळाचं बोलावणं आहे. वाचून म्हणाली, "आगटेभाऊजी रागात अक्षर किती सुंदर काढतात."

स्वगत परत येणार नाही.

लहानपणी मी अब्बांच्या पायाशी, विंगेतल्या ट्रंकेवर बसून तुमची सगळी नाटकं बघितली. तिथून नट समोरून दिसत नाही, बाजूने दिसतो. शेवटचं वाक्य टाकून तुम्ही आत यायचात आणि तिथेच उभे राहायचात, मान किंचित तिरकी करून. टाळी ऐकत. ती पूर्ण विझेपर्यंत हलायचा नाहीत. आत्ताच ज्याचं घर बुडालं तो माणूस टाळी ऐकतोय, हे त्या वयातही मला खटकायचं.

अब्बा एकदा म्हणाले होते, "श्रीधर वाक्य बोलायच्या आधी त्याचा चेहरा बोलून मोकळा होतो. मग वाक्याला काम उरत नाही." तुम्हाला ते कधी बोलले नाहीत, कारण ते तुमचे दोस्त होते. मी तुमची दिग्दर्शक आहे. तुमचा चेहरा खोटं बोलायला फार तरबेज झालाय, काका. पाठ अजून शिकलेली नाही. म्हणून मला ती हवी आहे.

भरपाई कोण देणार, असं विचारलंत. कोणीच नाही. तुमच्या ऑफिसात जिला जोखीम म्हणतात ती निम्मी आधीच कोणीतरी उचललेली असते. ही सगळी तुमची.

उद्या सहाला तालीम. मेथी आमचा धाकटा नासिर आणेल.

तुमची
बिलकिस


सदाशिव पेठ, पुणे
ता. १३ नोव्हेंबर १९८२

कुमारी बिलकिस तांबोळी यांस,

दिवंगत माणसाच्या तोंडी वाक्य घालणे सोपे असते. त्याच्याकडे खुलासा मागता येत नाही. शमशुद्दीन तसे म्हणाला असेल यावर माझा विश्वास नाही. म्हणाला असेल, तर त्याने ते मला सांगायला हवे होते. आम्ही दोघे वर्षानुवर्षे एका डब्यात जेवलो आहोत. मला भाजीत मीठ कमी लागते हे त्याने सांगितले. हे सांगितले नाही?

मी नाटक सोडणार नाही. मंडळाला शब्द दिला आहे. आपण दिग्दर्शक आहात. सांगाल तशी पाठ करीन आणि सांगाल तितकी मेथी निवडीन. परिणाम आपल्या नावावर.

यापुढे तालमीत मी फक्त नाटकातली वाक्ये बोलेन, आणि आपण ती काढून टाकली असल्याने मला फारसे बोलावे लागणार नाही. अन्य जे काही असेल ते टपालाने. शेजारच्या फाटकांच्या फोनवर मला बोलावू नये; दुसऱ्याच्या दिवाणखान्यात मोकळेपणाने रागावता येत नाही.

एक तक्रार उरते. तालमीला रोज खरी मेथी हवी, हा आपला हट्ट. निवडून झाल्यावर निम्मी नासिर आपल्या आईकडे नेतो, निम्मी माझ्या पिशवीत येते. माझ्या पत्नीने, सुनीतीने, काल ताट वाढताना विचारले, "तो दीनानाथ एकदाचा घरी येईपर्यंत आपल्याकडे दुसरी भाजी व्हायचीच नाही का?" तो येत नाही हे मी तिला सांगितलेले नाही. तिला नाटक पाहायचे आहे.

लोभ तूर्त स्थगित.

श्री. गो. आगटे


भवानी पेठ, पुणे
ता. ६ डिसेंबर १९८२

काका,

मायना लिहिण्याइतका राग आवरलेला नाही.

काल प्राथमिक फेरीत पद्मजाने तार वाचली. तुम्ही पाठ केलीत, खाली बसलात. उजवीकडे पातेलं, डावीकडे वर्तमानपत्र, मध्ये जुडी. एक काडी, दुसरी काडी. थंडीचे दिवस, पुण्याचं प्रेक्षागृह, आणि कोणी खोकलं नाही. मी विंगेत अब्बांच्या जागी उभी होते.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!"

वाक्य ऐकू आलं नाही की ओरडतात तसं. इथे वाक्यच नव्हतं, पण त्या माणसाला काय माहीत! एक माणूस, काका. सबंध नाट्यगृहात एक माणूस. आणि तुम्ही उठलात. धोतराला हात पुसलेत, समोर आलात आणि 'या हातांनी त्याला चालायला शिकवले' सुरू केलंत. महिन्याभरापूर्वी काढलेलं स्वगत, एक अक्षर न चुकता! म्हणजे माझ्या तालमीत तुम्ही गप्प बसत होतात आणि घरी जाऊन ते घोकत होतात. पद्मजा बिचारी तार हातात धरून खांबासारखी उभी. मला बघत होती, आता काय करू म्हणून. मी काय सांगणार? तुम्ही दारात थांबलात, वळलात, टाळी घेतलीत. आणि आत येऊन, माझ्या शेजारी उभं राहून, मान तिरकी करून ती ऐकलीत. मला ओलांडून. जणू तिथे अजून अब्बाच उभे आहेत आणि ते काही बोलणार नाहीत.

नाटक अंतिम फेरीत गेलं. तुम्हाला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. अभिनंदन.

जानेवारीतल्या प्रयोगात ते स्वगत होणार असेल तर दिग्दर्शक म्हणून माझं नाव राहणार नाही. मंडळाला तसं कळवलंय. तुम्ही किंवा मी.

बिलकिस


सदाशिव पेठ, पुणे
ता. ९ डिसेंबर १९८२

कुमारी बिलकिस तांबोळी यांस,

आपले पत्र मिळाले. त्यात 'एक माणूस' हे शब्द दोनदा आले आहेत. तो एक असो की शंभर, मुद्दा संख्येचा नाही.

माझ्यावर आजवर कोणी 'आवाज' असे ओरडलेले नाही. ध्वनिक्षेपक बंद पडला तेव्हाही नाही. वाक्य विसरलेल्या, घशात बोलणाऱ्या, पडलेल्या नटांवर लोक ओरडतात. मला तो शब्द ऐकावा लागला तो माझ्या उणिवेमुळे नव्हे, आपल्या आज्ञेमुळे. चार भिंतींत अपमान झाला तर माणूस पत्र लिहितो. भर प्रयोगात झाला तर त्याने काय करावे, हे आपल्या दिल्लीच्या शिक्षकांनी शिकवले असल्यास कळवावे.

आपण मला जेथे बसवले तेथे आपण स्वतः कधी बसला आहात काय? समोर रंगवलेली भिंत. तिच्यावर रंगवलेली खिडकी. मागे लोक ऐकत आहेत की चहाला उठून चालले आहेत, काही कळत नाही. हुंकार नाही, हसू नाही. मला वाटले, नाट्यगृह रिकामे झाले. पुढे असे वाटले की मीच तेथे नाही. हे वाक्य लिहायला नको होते. परंतु शाईने लिहिले आहे आणि मी खाडाखोड केलेले पत्र पाठवत नाही.

प्रमाणपत्र मी परत करणार नाही. आपले नाव काढण्यास माझी हरकत नाही. शमशुद्दीनच्या जागी उभे राहिल्याने कोणी शमशुद्दीन होत नाही. तो असता तर त्याने मला त्या भिंतीसमोर एकटे सोडले नसते.

श्री. गो. आगटे


भवानी पेठ, पुणे
ता. १२ डिसेंबर १९८२

ती. श्रीधरकाका,

तुमच्या शेवटच्या वाक्याला उत्तर देत नाही. देईन तेव्हा समोर उभी राहून देईन.

हे पत्र वेगळ्याच कारणासाठी आहे. प्रयोगानंतर नासिरने सामान आवरलं. मेथीचं पातेलं झाकण लावून घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी अम्मी भाजी करायला बसली. झाकण काढलं आणि मला हाक मारली, "बिल्लो, हे बघ गं, भाऊजींनी काय पाठवलंय."

पातेल्यात देठं होती. नुसती देठं आणि मुळं, मातीसकट. पानं तळाशी एका काडीची, तेवढीच. बाकीची सगळी डावीकडच्या वर्तमानपत्रावर होती आणि नासिरने कागद गुंडाळून फेकून दिला, कारण रोज त्यात कचराच असतो.

महिनाभर तालमीत तुम्ही पानं पातेल्यात आणि देठं कागदावर टाकलीत. एकदाही चुकला नाहीत. मी बघत होते. मग त्या दिवशी, तार आल्यावर, उलटं कोणी केलं?

बिलकिस


सदाशिव पेठ, पुणे
ता. १४ डिसेंबर १९८२

कुमारी बिलकिस तांबोळी यांस,

मी चुकलेलो नाही.

हिशेब विभागात जमेची रक्कम नावे टाकणाऱ्याला मी माझ्या टेबलासमोर उभा करतो आणि ती दुरुस्त होईपर्यंत बसू देत नाही. तो मी, मेथीची पाने केरात टाकीन आणि देठे पातेल्यात? स्वगताचा वाद हरलात म्हणून आता माझ्यावर निष्काळजीपणाचा आरोप? सामान आवरताना नासिरनेच अदलाबदल केली असली पाहिजे. त्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर मला कळवावे.

येथवर लिहून पत्र बंद करणार होतो. सुनीती चहा घेऊन आली म्हणून तिला ते मोठ्याने वाचून दाखवले. ती त्या दिवशी पाचव्या रांगेत होती. म्हणाली, "नासिरला कशाला बोल लावता? मी पाहिलं ना. तार वाचल्यावर पहिली काडी नीट निवडलीत. दुसरीपासून पानं डावीकडे टाकायला लागलात आणि देठं पातेल्यात. मला वाटलं, अगं बाई, यांना कोणीतरी सांगा! मग लक्षात आलं, कोण सांगणार? मुलगी तार घेऊन उभी, बायको गेलेली. मी तोंडाला पदर लावला. शेजारच्या बाई तर नाक ओढत होत्या."

मी विचारले, "आणि स्वगत?"

"ते छान म्हणता तुम्ही," ती म्हणाली. "नेहमीच म्हणता."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या अभिनयावर तिने केलेली ही पहिली टीका. चहा गार झाला तो मी तसाच प्यालो.

नंतर मंडईतून जुडी आणली, पाट मांडला, तिच्याकडे पाठ केली आणि तेच करून दाखवले. पाने डावीकडे, देठे पातेल्यात. ती दोन काड्या होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आता नाटक करताय." आणि पातेले उचलून घेऊन गेली.

म्हणजे निष्कर्ष असा की मला जे करता येते ते चालत नाही, आणि जे चालते ते मला करता येत नाही. ही कसली विद्या? आमच्या शास्त्रात जे दुसऱ्यांदा सिद्ध होत नाही ते खोटे धरतात. मी संतापलो आहे. कोणावर, हे ठरवता आले असते तर बरे झाले असते. निदान त्याला पत्र लिहिले असते.

अंतिम फेरीत मी पाठ करीन. अट अशी की त्या प्रसंगाची यापुढे एकही तालीम होणार नाही, आणि देठांविषयी तू माझ्यापाशी अवाक्षर काढणार नाहीस. स्वगत घरी म्हणणे बंद केले आहे. सुनीतीकडून खात्री करून घ्यावी.

श्रीधर आगटे


भवानी पेठ, पुणे
ता. १७ डिसेंबर १९८२

ती. श्रीधरकाका,

अट मान्य. नाव काढत नाही.

कार्डावर जागा थोडी आहे म्हणून एवढंच: पुन्हा कोणीतरी ओरडेल. पुणं आहे, ओरडणारच. तेव्हा मी विंगेतून काही करू शकणार नाही. तुम्ही अडलात तर अब्बांना निदान पुढचं वाक्य सांगता यायचं. तिथे आता वाक्यच नाही. मी नुसती उभी असेन. पण असेन.

नासिर म्हणतो, मी पातेल्याला नुसतं झाकण लावलं, आतल्या मेथीला हात लावला नव्हता, काकांना सांग.

बिलकिस


सदाशिव पेठ, पुणे
ता. १८ जानेवारी १९८३

चि. बिलकिस हिस अनेक आशीर्वाद. या वेळी सवयीने नाहीत.

प्रयोगानंतर मी कोणाशी न बोलता निघून आलो, चेहऱ्यावरचा रंगही न काढता. लक्ष्मी रस्त्यावर एका स्कूटरवाल्याने मुद्दाम थांबून सांगितले, "आजोबा, मिशी सुटलीय." उरलेली मी तेथेच ओढून काढली. माझी मनःस्थिती यावरून ध्यानात यावी.

निकाल आजच्या वर्तमानपत्रात वाचला. नाटकाला क्रमांक नाही, मला काही नाही. परीक्षकांचे मत असे की 'दुसऱ्या अंकाचा शेवट अपुरा वाटतो. ज्येष्ठ नटाच्या वाणीचा उपयोग करून घेतलेला नाही.' अपुरा! हे गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. पाचव्या रांगेतून माझ्या बायकोला जे दिसते ते यांना पहिल्या रांगेतून दिसत नसेल तर त्यांना परीक्षक कोणी नेमले? मी त्यांना पत्र धाडले आहे. त्याची प्रत सोबत जोडत नाही, कारण तुझी पत्रे तुझी आई आधी फोडते आणि त्यातली भाषा तिने वाचण्यासारखी नाही.

आता प्रयोगाविषयी. ओरडणारा आलाच होता, हे तू ऐकलेस. "आवाज!" माझे हात थांबले. ते सबंध स्वगत घशाशी येऊन उभे राहिले. ते मी विसरलो असेन, या भ्रमात राहू नकोस. ते मला मरेपर्यंत पाठ राहील. मी उठणार होतो. एक गुडघा उचलला होता. तू विंगेत उभी आहेस हे डोळ्यांच्या कडेला दिसत होते. तू हात वर केला नाहीस, मान हलवली नाहीस. त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की सांगता येत नाही. शमशुद्दीनने काहीतरी पुटपुटले असते.

तेवढ्यात उजवीकडच्या रांगांतून दुसरा एक आवाज आला. म्हातारा, चिडका, अस्सल पेठेतला: "अहो, गप्प बसा की! निवडू द्या त्यांना."

कोणी हसले नाही. मी गुडघा खाली टेकवला आणि पुढची काडी उचलली.

तो गृहस्थ कोण, मला दिसले नाही. तुला कळल्यास त्याचा पत्ता पाठव. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात बोलणे असभ्यपणाचे आहे, हे मी त्याला लिहिणार आहे. आणि आणखीही काही लिहीन.

टाळी पडली नाही. पडदा खाली आल्यावर मी बसून राहिलो. पलीकडे खुर्च्यांचाही आवाज नव्हता. कोणी उठत नव्हते. तीस वर्षे टाळीवर जगायला मला याच लोकांनी शिकवले, आणि आता न वाजवता बसून राहतात, आणि ते मला पुरते, याचा मला भयंकर राग येतो. शमशुद्दीन माझ्या चेहऱ्याविषयी म्हणाला ते खरे असावे. त्याने ते स्वतः सांगितले नाही याबद्दल मी त्याच्यावर रागावलो आहे. त्याला कळवण्याची सोय नाही, म्हणून तुला कळवतो. तू मला त्या भिंतीसमोर एकटे सोडलेस, हेही खरे. ते बरोबर केलेस.

एक शेवटचे. नासिरने सामान आवरले असेल आणि पातेले तुमच्या घरी पोचले असेल. त्यात मी काय टाकले, मला माहीत नाही. मी पाहिले नाही. समोरचा कागद न तपासता मी आजवर एकही सही केलेली नाही. हे मात्र तपासणार नाही. तुझ्या आईला सांग, जे निघाले असेल ते शिजवा नाहीतर फेकून द्या. मला कळवू नये. नासिरने कळवू नये, तू कळवू नयेस, आडून सुचवूही नये.

कळवलेस तर पुढच्या वर्षीचे सबंध नाटक मी प्रेक्षकांकडे तोंड करून करीन.

श्रीधरकाका